लागलेल्या दुधाचा चहा : बडोद्यातलं एक प्रकरण

"ओट्यापाशी उभ्या राहतात," सून सांगत होती. "दहा-दहा मिनिटं. कांदा चिरलेला असतो, कढई मांडलेली असते. गॅस काही पेटवत नाहीत. मग हात पुसतात आणि झोपाळ्यावर जाऊन बसतात."

"आणि एकदा बटण उघडंच राहिलं," मुलगा म्हणाला. "मी ऑफिसातून येऊन दार उघडलं तर घरभर गॅस. आई आत बसून पेपर वाचतेय!"

काकू दोघांच्या मधल्या खुर्चीत होत्या. पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात. आपल्याविषयी आपल्यासमोर चाललेलं बोलणं त्या अशा ऐकत होत्या, जणू शेजारच्या बिऱ्हाडाची हकिकत चालली आहे. मी विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?" तर म्हणाल्या, "हे म्हणतात ते बरोबर आहे."

ही गोष्ट नोव्हेंबर २०२३ मधली, दिवाळी नुकतीच झाली होती. त्या वर्षी काकूंनी फराळाचं काहीही केलं नाही, म्हणून त्यांना माझ्याकडे, समुपदेशनासाठी, आणलं. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. घर, माणसं, गल्ली ओळखू येणार नाही इतपत बदल केलेत, जे घडलं ते तसंच ठेवलंय. मानवतावादी मानसशास्त्र म्हणजे काय, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मला व्याख्येऐवजी हेच प्रकरण सांगावंसं वाटतं. यात मी आधी चुकले, म्हणून ते जास्त उपयोगी पडतं.

काकूंचं वय ६३. लग्न होऊन दांडिया बझारच्या बाजूला आल्या त्याला एक्केचाळीस वर्षं झालेली. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत एकेका बाईची एकेका गोष्टीसाठी ख्याती असते. यांची स्वयंपाकासाठी होती. गणपतीत पाच दिवस, शेवटच्या दिवशी साठेक पानं. शेजारच्या गुजराती घरांतून वाटी घेऊन मुलं यायची, "आंटी, तमारी आमटी". गोडसर दाळ खाणाऱ्या घरातून चिंच-गुळाच्या आमटीला मागणी यावी, याचा त्यांना कोण अभिमान. मसाल्याला माप नाही, सगळं अंदाजाने. सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात म्हटलं होतं, घर हिच्या हातावर चाललंय. हे वाक्य मला मुलाने सांगितलं, सुनेने सांगितलं आणि काकूंनीही सांगितलं.

मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, काका गेले. दोघांनाही कोविड झाला होता. काकू घरीच बऱ्या झाल्या, काका दवाखान्यातून परत आले नाहीत. मुलगा लांबून उभा राहिला आणि बाकीचं दुसऱ्यांनीच उरकलं. तेव्हापासून काकू थोड्या थोड्या मिटत गेल्या. आधी सणाचं बंद, मग पाहुण्यांचं, मग रोजचं. जेवण कमी, वजन कमी, झोप तुटक. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्य म्हणून गोळी सुरू केली होती, तिने झोप सुधारली. ती गोळी पुढेही चालूच राहिली, हे इथेच सांगून टाकते. मानवतावादी म्हटलं की औषधांना विरोध, असा एक समज आहे.

म्हणजे चित्र स्वच्छ होतं. नवरा गेला, शोक लांबला, नैराश्य आलं. गॅस उघडा राहिला म्हणून मुलाच्या मनात आणखी एक भीती होती, ती त्याने बाहेर व्हरांड्यात हळूच बोलून दाखवली : "विसरण्याचा आजार तर नसेल?" मी पहिल्याच भेटीत नऊ प्रश्नांची ती नेहमीची प्रश्नावली भरून घेतली. गुण आले २७ पैकी १५. भूक लागत नाही? जवळजवळ रोज. कशात रस वाटत नाही? जवळजवळ रोज. दुसऱ्या भेटीत मी एक तक्ता छापून दिला, आठवड्याचे सात दिवस आणि रोज एक सोपा पदार्थ. माणूस मनाने खचला की हालचाल थांबते आणि थांबल्याने आणखी खचतो, म्हणून छोट्या छोट्या कृतींनी सुरुवात करायची. ही पद्धत चांगली तपासलेली आहे, मी आजही वापरते. पद्धतीचा दोष नव्हता.

तिसऱ्या भेटीत तक्ता पूर्ण भरून आला. भात, मुगाची खिचडी, उपमा, पिठलं, सगळ्यांपुढे बरोबरची खूण. "सगळं केलं मॅडम." मी खूश झाले, शाबासकी दिली. चार दिवसांनी मुलाचा फोन : आई रात्री उठून स्वयंपाकघरात रडत बसते.

टेप

परवानगी घेऊन मी भेटी ध्वनिमुद्रित करते. ही सवय ज्या परंपरेतून आली तिचा मूळपुरुष अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स, हे तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतं. बंद दाराआड समुपदेशक नक्की काय बोलतो, हे उघड करून पाहिलं पाहिजे असं म्हणणारा तो पहिल्या काही लोकांतला. ओहायोत शिकवत असताना तो आणि त्याचे विद्यार्थी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुलाखती मुद्रित करत. एका तबकडीवर काही मिनिटंच मावत, त्यामुळे दोन यंत्रं आळीपाळीने चालवावी लागत. १९४२ च्या पुस्तकात त्याने एका माणसाच्या आठही भेटींचा संवाद शब्दशः छापला. समुपदेशकाचं प्रत्येक वाक्य, चुकीचंसुद्धा.

मी माझी टेप ऐकायला बसले. पहिल्या पंधरा मिनिटांत मी एकोणीस प्रश्न विचारले होते. काकूंची उत्तरं "हो", "नाही", "तसंच काहीतरी". एके ठिकाणी त्या म्हणतात, "उभी राहते, पण पुढचं कळत नाही." आणि मी लगेच, "म्हणजे लक्ष लागत नाही, हो ना?" त्या म्हणतात, "हो." मी पुढच्या रकान्यात खूण करून मोकळी! "पुढचं कळत नाही" या तीन शब्दांत सगळं प्रकरण होतं, आणि मी त्यांच्या तोंडातून ते काढून माझा शब्द आत ठेवला होता.

रॉजर्सच्या बाबतीतही असं झालं होतं. पुढे मोठा झालेला हा माणूस १९२८ पासून बारा वर्षं रॉचेस्टरमध्ये वाया गेलेल्या, मार खाल्लेल्या मुलांसाठी काम करत होता. एका दांडग्या मुलाची आई त्याच्याकडे येई. मुलाच्या वागण्याचं मूळ तिने त्याला लहानपणी झिडकारण्यात आहे, असं निदान करून रॉजर्स ते तिला परोपरीने पटवत राहिला. काही केल्या पुढे सरकेना. शेवटी त्याने हात टेकले, थांबू या म्हणाला. ती दारापर्यंत गेली, वळली आणि विचारलं, तुम्ही मोठ्या माणसांचंही ऐकून घेता का? मग खुर्चीत परत येऊन तिने आपल्या मोडत चाललेल्या संसाराचं जे सांगितलं, ते आधीच्या नीटनेटक्या इतिहासात कुठेच नव्हतं. कुठे दुखतंय ते येणाऱ्यालाच ठाऊक असतं, हे तिथे त्याला कळलं, असं तो पुढे सांगत असे. 'पेशंट'ऐवजी 'क्लायंट' हा शब्द त्याने रूढ केला तो याच धारणेतून, आणि १९५१ च्या पुस्तकाच्या नावातच तो घातला.

आता शास्त्राचं थोडक्यात. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत दोन मोठे प्रवाह होते. मनोविश्लेषण म्हणे, माणूस आपल्याच दडपलेल्या वासनांच्या हातचं बाहुलं आहे. वर्तनवाद म्हणे, माणूस म्हणजे सवयींची गोळाबेरीज, बक्षीस-शिक्षा बदला की वागणं बदलेल. या दोघांना कंटाळलेली मंडळी एकत्र आली, त्यांना तिसरी शक्ती म्हणत. अब्राहम मास्लो, रॉजर्स, रोलो मे ही त्यातली ठळक नावं. १९६१ मध्ये त्यांचं स्वतःचं नियतकालिक निघालं. माणसात वाढण्याची ओढ मुळातच असते, आणि ती का अडली हे त्याच्या अनुभवाच्या आतून पाहावं लागतं, ही त्यांची भूमिका. मास्लोचा १९४३ चा गरजांवरचा लेख बी.ए.च्या प्रत्येक मुलाला पिरॅमिड म्हणून पाठ असतो : तळाशी अन्न-निवारा, त्यावर सुरक्षितता, त्यावर माया, असं वर वर. त्या लेखात पिरॅमिडचं चित्र नाही, ते नंतर इतरांनी काढलं. पण परीक्षेत चित्र काढलं की मार्क मिळतात, त्यामुळे ते जाणार नाही.

काकूंना अन्न, निवारा, सुरक्षितता, माया सगळं होतं. पिरॅमिडने माझ्या हाती काही लागलं नसतं.

चौथी भेट

मी ठरवलं होतं की आज आधी माझं सांगायचं. "काकू, माझं चुकलं. तुम्हाला नीट ऐकायच्या आधीच मी कागद हातात दिला."

काकू बघत राहिल्या. मग पहिल्यांदाच हसल्या. "तो कागद ने? तो मी नातीकडून भरून घेतला. तिला खुणा करायला आवडतात."

म्हणजे खिचडी नाही, पिठलं नाही, काहीच झालेलं नव्हतं. घरात सुनेला नाराज करायचं नाही, इथे मॅडमना नाराज करायचं नाही. ज्यांची माया हवी त्यांच्या अपेक्षा माणूस गिळतो आणि त्याच आपल्या इच्छा आहेत असं समजू लागतो. रॉजर्स त्यांना मोलाच्या अटी म्हणतो : अमुक केलंस तरच तू चांगली. शाबासकी देऊन त्या यादीत मी आणखी एक अट वाढवली होती.

त्या दिवशी खालचा चहावाला आला नव्हता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बेननी मागच्या खोलीतल्या शेगडीवर चहा केला. दोन कप आले. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं, दूध लागलेलं होतं. चांगलंच. तो धुरकट, कडवट वास चहात दडत नाही, आलं घातलं तरी. समोर काकू शांतपणे पीत होत्या. अर्धा कप झालाही होता.

"अहो ठेवा तो, दूध लागलंय. दुसरा करायला सांगते."

काकूंचा हात थांबला. त्यांनी कपात पाहिलं, तिथे काही दिसेल अशा आशेने. "लागलंय?"

"हो, बरंच."

त्यांनी कप नाकाजवळ नेला. दूर केला. परत नेला. मग बशीत ठेवला, अगदी हळू, आवाज न होऊ देता. चाळीस वर्षं चूल सांभाळलेली बाई, आणि लागलेल्या दुधाचा चहा बिनतक्रार अर्धा संपवते. माझ्या जिभेवर प्रश्न आला होता. मी तो गिळला. टेपवर ती शांतता एक मिनिट चाळीस सेकंद आहे, रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न तेवढे ऐकू येतात.

"खीर पण अशीच लागली होती," काकू म्हणाल्या.

मग सगळं आलं. कोविडमध्ये वास गेला, तसा पुष्कळांचा गेला होता. पंधरा दिवसांनी येईल म्हणाले. त्याच आठवड्यात काका गेले, मग नाकाचं काय घेऊन बसायचं? ते काही आलं नाही. "मीठ कळतं, गोड कळतं, तिखट झोंबतं. बाकी सगळी भिंत आहे भिंत." वर्षश्राद्धाला, मे २०२२ मध्ये, काकूंनी हट्टाने खीर स्वतः केली. पातेल्याच्या बुडाशी लागली आणि त्यांना पत्ताच नाही. पंगत वाढली गेली. कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली. मागच्या अंगणात नणंद कोणाला तरी म्हणाली, "वहिनीचा हात गेला." ते काकूंनी ऐकलं.

"वन्सं वाईट नाहीत हो. खरंच गेला ना हात. ह्यांच्या श्राद्धाला जळकी खीर वाढली मी." थोडं थांबून, "अगं, कढईपाशी उभी राहते तेव्हा मोहरीच्या पुढचं काही कळत नाही मला. कांदा झाला की नाही, मसाला कच्चा आहे की करपला. आंधळ्यासारखी उभी असते. आणि हे सांगायचं कोणाला? नवरा गेलाय, आणि ही बाई म्हणते मला कोथिंबिरीचा वास येत नाही!"

मॅडमवरून त्या 'अगं'वर आल्या होत्या, हे मला टेप ऐकताना कळलं.

योगायोग होता, कबूल. चहावाला आला असता तर कदाचित आणखी दोन महिने गेले असते. पण दुसऱ्या भेटीत हाच चहा आला असता तर काकूंनी "मला चालतो" म्हणून कप संपवला असता, याचीही मला खात्री आहे.

नाक, मेंदू आणि माणूस

इथून पुढचा भाग मनाचा नव्हता. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं, वासाची चाचणी झाली, घ्राणशक्ती जवळजवळ शून्य. कोविडचा विषाणू नाकाच्या वरच्या टोकाला वास टिपणाऱ्या पेशींभोवतीच्या आधारपेशींना इजा करतो. बहुतेकांत त्या लवकर भरून येतात, काहींत नाही. वास जाणं हे पार्किन्सन्स किंवा अल्झायमर्सचं फार लवकरचं लक्षणही असू शकतं, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांकडूनही तपासून घेतलं. स्मरणशक्ती चोख निघाली. बी-१२ कमी होतं, शाकाहारी घरात ते नेहमीचंच. त्याची इंजेक्शनं सुरू झाली.

आणि गॅस! आई विसरते ही मुलाची भीती, आईला वास येत नाही हे कोणाच्या गावी नाही. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. काकूंपुरती ती सगळी खबरदारी फुकट होती. मुलाने दुसऱ्याच दिवशी गळती कळवणारा अलार्म बसवला. इतकं ऐकून घेतल्याचा सगळ्यात मोठा फायदा जर कुठला असेल, तर तो हा आठशे-हजार रुपयांचा डबा, असं मी वर्गात सांगते. मुलं हसतात.

साकल्यवादी, म्हणजे 'होलिस्टिक', हा शब्द आज फार स्वस्त झालाय. तेल चोळणारे, खडे विकणारे, सगळेच तो पाटीवर लावतात. मूळ 'होलिझम' हा शब्द १९२६ सालचा, दक्षिण आफ्रिकेच्या यान स्मट्स या राजकारण्याने एका पुस्तकात घडवलेला. संपूर्ण हे भागांच्या बेरजेपेक्षा वेगळं असतं, अशी ती मांडणी. पण मला या प्रकरणात खरा उपयोग झाला तो कुर्ट गोल्डश्टाइनचा. हा जर्मन मेंदूवैद्य पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांवर फ्रांकफुर्टला उपचार करत होता. त्याला दिसलं की जखम मेंदूच्या एका कोपऱ्यात असते, बदलतो मात्र आख्खा माणूस. जे काम आता जमत नाही ते समोर आलं की हा सैनिक नुसता चुकत नाही, तो पार कोसळतो, थरथरतो, सैरभैर होतो. ते टाळण्यासाठी मग तो आपलं जगच लहान करून घेतो. वस्तू ठरलेल्या जागी, दिवस ठरलेल्या चाकोरीत, नवीन काही नको. बघणाऱ्याला वाटतं हा सुस्त झाला, याला कशात रस नाही. प्रत्यक्षात उरलेल्या शक्तीनिशी जगण्याची ती त्याची खटपट असते. नाझींनी हाकलल्यावर अॅमस्टरडॅममध्ये राहून त्याने हे १९३४ मध्ये ग्रंथरूपाने मांडलं. मास्लोने गाजवलेला आत्मवास्तविकीकरण, म्हणजे आपल्यात जे होण्याची शक्ती आहे ते प्रत्यक्षात होणं, हा शब्द त्याच्याच ग्रंथातला.

आता काकूंचा झोपाळा पाहा. ओट्यापाशी दहा मिनिटं उभं राहणं, मग हात पुसून निघून येणं. खिरीचा तो प्रसंग परत घडू नये म्हणून त्यांनी आधी सण सोडले, मग पाहुणे, मग कढई. प्रश्नावलीत याला 'रस नाही' म्हणतात. गोल्डश्टाइन म्हणाला असता, बाई स्वतःला सांभाळते आहे.

नैराश्य खोटं होतं का? नाही. शोकही खोटा नव्हता. एकाच आठवड्यात दोन गोष्टी गेल्या, आणि दुसरीचा उल्लेख करणंसुद्धा त्यांना पहिलीचा अपमान वाटत होता. म्हणून ती अडीच वर्षं आतच राहिली. शिवाय काकांचा वासही गेला होता. काकूंनी त्यांचा एक शर्ट न धुता कपाटात ठेवला होता. हे त्यांनी सातव्या भेटीत सांगितलं. त्यावर मी काहीही बोलले नाही, आणि इथेही जास्त लिहीत नाही.

निलगिरी, लिंबू, गुलाब, लवंग

जर्मनीत ड्रेस्डेनला टोमास हुमेल यांनी २००९ मध्ये वासाचा एक साधा व्यायाम तपासला : गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे, मन लावून हुंगायचे. न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांची घ्राणशक्ती अधिक सुधारली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अडीच वर्षं उलटली आहेत, फार आशा धरू नका. काकूंनी जानेवारीपासून चार काचेच्या बाटल्या मांडल्या. पहिल्याच आठवड्यात आनंदाने फोन : निलगिरी आली! मला खोटं बोलणं सोपं होतं. पण निलगिरीचा गारवा आणि लवंगेची चुणचुण ही चेहऱ्याच्या वेगळ्याच मज्जातंतूने कळते, वास नसला तरी. डॉक्टरांनी मला हे आधीच सांगून ठेवलं होतं. मी काकूंना सांगितलं. दुसरीकडे क्षणभर शांतता. "बरं," म्हणाल्या. "मग अजून नाही आली."

रॉजर्सने १९५७ च्या निबंधात समुपदेशकाकडून तीन गोष्टी मागितल्या आहेत. समोरच्याचं जग आतून समजून घेणं, त्याला बिनशर्त मोल देणं आणि स्वतः खरं असणं. पहिल्या दोन सगळ्यांना आवडतात, त्यांची पोस्टरं होतात. तिसरी राहून जाते. गोड बोलणं म्हणजे मानवतावाद, असं समजणाऱ्यांना मी तो फोन आठवून सांगते.

मार्चअखेर लिंबू थोडं थोडं येऊ लागलं. लवंगेत काहीतरी "जुन्या कपाटासारखं". कांदा परततानाचा वास आला तो मात्र भलताच, जळक्या रबरासारखा. मज्जातंतू पुन्हा जुळताना असे उलटेसुलटे वास येऊ शकतात, हे डॉक्टरांनी समजावल्यावर त्यांची भीती गेली, किळस नाही गेली.

घरात एक वेगळंच भांडण सुरू झालं. सुनेचं म्हणणं, आता आईंनी स्वयंपाकघरातून मोकळं व्हावं, आयुष्यभर केलं, बस झालं. तिचा हेतू चांगला होता आणि कागदावर ते रॉजर्ससारखंच वाटतं : अपेक्षांचं ओझं टाका, स्वतःसाठी जगा. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण काकूंना कढईपासून सुटका नको होती, कढई परत हवी होती. या विचारसरणीवर एक जुना आक्षेप आहे की तिचा 'स्व' फार एकटा, फार अमेरिकन आहे. आक्षेपात तथ्य आहे. काकूंच्या 'मी'मध्ये साठ पानं आणि शेजारच्या वाट्या होत्या, त्या वजा करून उरणारी कोणी शुद्ध काकू शोधायला मी निघाले असते तर मला रिकामी खुर्ची सापडली असती. तेव्हा प्रश्न स्वयंपाक करावा की नाही हा नव्हताच. चुकलं तरी मी या घरातली आहे का, हा होता. तो त्यांनी सुनेला नवव्या भेटीत समोरासमोर विचारला. सून रडली आणि म्हणाली, "खीर मीच उतरवायला हवी होती, मला वास आला होता. तुम्हाला राग येईल म्हणून बोलले नाही."

घरात सगळ्यांना वास आला होता.

पुढचा मार्ग काकूंनी स्वतः काढला, मला सुचला नसता. त्या कानाने आणि डोळ्याने स्वयंपाक करू लागल्या. कांद्यातलं पाणी आटलं की तेलाचा आवाज बदलतो, बारीक होतो. रवा भाजत आला की उलथन्याला हलका लागतो. दूध तापताना चमचा बुडाशी फिरवायचा, खरखर लागली की उतरवायचं. हे सगळं हाताला आधीपासून येत होतं, फक्त नाक पुढे असल्यामुळे त्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. गुरुवारी आमटी काकूंची, असं ठरलं. बाकी दिवस स्वयंपाकाच्या बाई. काही गुरुवार चुकतातही. एप्रिलमध्ये प्रश्नावली परत भरली, ६ आले. वजन दीड किलो वाढलं.

सगळ्या प्रकरणांत असं होत नाही. रॉजर्सने विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर तपासली, तेव्हा अपेक्षेइतका परिणाम दिसला नव्हता. माझ्याकडेही नुसतं ऐकून घेतल्याने पुढे न सरकलेली माणसं आहेत, त्यांना वेगळं काही लागलं.

शेवटची ठरलेली भेट मे २०२४ मध्ये झाली, उन्हाळ्याच्या मसाल्याच्या दिवसांत. काकूंनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. गोडा मसाला, तीन वर्षांनी केलेला. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, नागकेशर, सगळं रंग बघून भाजलेलं. झाकण उघडून डबी माझ्यापुढे धरली. "सांग."

मी वास घेतला. खोबरं जरा जास्त झालं होतं. 'मस्त झालाय काकू' हे शब्द ओठांवर तयार होते.

"खोबरं थोडं जास्त भाजलं गेलंय."

काकूंनी डबी आपल्याकडे वळवली, उजेडात धरून आत पाहिलं. "रंगावरून वाटलंच होतं मला," म्हणाल्या, आणि झाकण घट्ट लावून ती पिशवीत टाकली.